सेवापट आणि हक्कपट : वऱ्हाडातील अपंगत्व आणि माहितीपट

वऱ्हाडात एखाद्या सेवाभावी संस्थेचा रौप्यमहोत्सव किंवा सुवर्णमहोत्सव असला की भाषणांच्या आधी सभागृहातले दिवे मालवतात आणि वीस-पंचवीस मिनिटांचा एक माहितीपट दाखवतात. अमरावती, अकोला, परतवाडा, मूर्तिजापूर अशा गावी असे माहितीपट मी गेल्या पंधरा-वीस वर्षांत बरेच पाहिले. वही घेऊन पाहिले, कारण पडद्यावर कोण बोलते आणि कोण नुसते दिसते हे टिपून ठेवायची मला खोड आहे. काही काळाने त्या वहीची गंमत वाटेनाशी झाली. आवाराचे ड्रोनवरून घेतलेले दृश्य, मागे बासरी. संस्थापकांचे कृष्णधवल छायाचित्र. रांगेत उभी राहून प्रार्थना म्हणणारी मुले, त्यातल्या एकाचा अगदी जवळून घेतलेला चेहरा. स्वयंपाकघरातली मोठी कढई. मंत्रिमहोदयांची भेट, अभिप्रायवहीचे पान. पुढे एका मुलावर महिन्याला किती खर्च येतो त्याची पाटी आणि शेवटी बँकेचा खाते क्रमांक. या सगळ्यात अपंग माणूस गातो, जेवतो, विणतो, हात जोडतो. बोलत मात्र नाही. एका माहितीपटात अपंग व्यक्तीच्या तोंडी एकच पूर्ण वाक्य होते आणि ते आभाराचे होते.

या प्रकाराला मी माझ्यापुरते 'सेवापट' असे नाव दिले आहे. त्यात सेवा खोटी असते असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण त्याच्या कथेचा कर्ता सेवक असतो आणि अपंग माणूस त्या सेवेचे कर्म. याउलट ज्या चित्रपटात अपंग माणूसच कर्ता असतो, मागतो, नाकारतो, भांडतो, चुकतो, त्याला मी 'हक्कपट' म्हणेन. वऱ्हाडात सेवापटांची रेलचेल आहे. हक्कपट जवळजवळ नाही. आणि हे अशा मुलखात, जिथे अपंगांच्या हक्कांची चळवळ गेली वीस वर्षे तहसीलपासून मंत्रालयापर्यंत आवाज करते आहे. चळवळ इतकी बोलकी आणि तिचा पडदा इतका मुका, असे का झाले हा या लेखाचा विषय आहे.

शब्दांबद्दल एक खुलासा. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. पुढे सरकारी कागदोपत्री तो रूढ झाला. अनेक अपंग संघटनांनी त्याला हरकत घेतली, कारण अंगात काही दिव्य असल्याचे सांगून जिन्याशेजारी उतार बांधायची जबाबदारी टाळता येते. आमच्याकडे या प्रकारच्या गौरवाची परंपरा जुनी आहे. चांदूरबाजारजवळच्या माधानचे संत गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) तान्हेपणीच दृष्टी गमावूनही शंभरावर ग्रंथांचे कर्ते झाले. आम्ही त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हणतो. त्यांच्या बाबतीत तो शब्द शोभतो. पण गावातल्या प्रत्येक आंधळ्या पोराकडून प्रज्ञेची अपेक्षा करणे हा त्याच्यावर लादलेला दुसरा भार होय. मी इथे 'अपंग' हाच शब्द वापरतो आहे.

सेवापट वऱ्हाडातच इतका का फोफावला याचे उत्तर इथल्या इतिहासात आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापले आणि तपोवन उभे राहिले. त्यानंतर काही वर्षांतच वरोऱ्याला आनंदवन झाले. अचलपूर तालुक्यात कोठाऱ्याला मिशनचे कुष्ठरुग्णालय आहे. गाडगेबाबांच्या धर्मशाळा आणि अपंग-निराधारांसाठीची कामे तर सर्वांच्या माहितीची. एवढ्या लहान टापूत इतकी मोठी माणसे या एकाच प्रश्नाकडे वळली. कॅमेरा इथे आला तो त्यांच्या मागोमाग, त्यांना पाहायला. तपोवनात आलेला छायाचित्रकार दाजीसाहेबांना पाहायला आलेला असे. तिथे करवत चालवणाऱ्या, मागावर बसणाऱ्या माणसाला पाहायला नव्हे. तेव्हा ते साहजिकही होते. ज्या काळी कुष्ठरोग्याला गावकुसाबाहेर हाकलत, त्या काळी त्याच्या शेजारी बसणारा डॉक्टर हीच बातमी होती.

पण काळ पुढे गेला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, रोग बरा होऊ लागला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने 'कुष्ठमुक्त' माणसाला अपंगत्वाच्या सात प्रकारांत जागा दिली, म्हणजे दयेऐवजी हक्क दिला. तरी १८९८ चा इंग्रजांचा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडले आणि नवरा किंवा बायकोचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून काढायला २०१९. म्हणजे बरा झालेला माणूस अनेक वर्षे बऱ्या झालेल्या रोगासाठी कायद्याच्या नजरेत दोषी राहिला. त्या वर्षांत तो घरी परत गेला का, शेताच्या हिश्श्याचे काय झाले, पोरीचे लग्न कुणी मोडले, हे सारे माहितीपटाचे विषय होते. आमचे सेवापट त्या वर्षांतही बोटे झडलेल्या हातांचे जवळून चित्रण करून बासरी वाजवत राहिले.

हा विषय पडद्यावर दुसऱ्या तऱ्हेने येऊ शकतो हे इराणी कवयित्री फरूग फर्रुखजादने १९६२ मध्येच दाखवून दिले होते. तब्रीजजवळच्या बाबाबागी कुष्ठवसाहतीत तिने काही दिवस मुक्काम करून 'घर काळे आहे' हा वीस-बावीस मिनिटांचा लघुपट केला. ते कामही मदत संस्थेसाठीच होते, म्हणजे जन्माने तो सेवापटच. त्यात पुरुषी आवाजातले वैद्यकीय निवेदन आहे, रोगाची माहिती आहे, उपचार आहेत. पण बाकीचा चित्रपट त्या निवेदनाला जुमानत नाही. वसाहतीत बाया केस विंचरतात, काजळ घालतात, लग्न लागते, लोक नाचतात, एक माणूस भिंतीच्या कडेने येरझारा घालत राहतो. वर्गात शिक्षक मुलांना चार सुंदर गोष्टींची नावे विचारतात, मग चार कुरूप गोष्टींची. कुरूप गोष्ट म्हणून एक मुलगा आपल्याच अवयवांची नावे घेतो आणि वर्ग खुदकन हसतो. त्या हसण्यापाशी मला दर वेळी थांबावे लागते. आमच्या सेवापटात रोगी हसला तर तो पाहुण्यांकडे पाहून हसतो. इथे मुले आपसात हसतात आणि आपण बाहेर राहतो. पाहणाऱ्याला बाहेर ठेवण्याचे धाडस फरूगने केले. पुढे वसाहतीतल्या एका मुलाला तिने दत्तक घेतले ही हकीगत हमखास सांगितली जाते. मला ती चित्रपटापेक्षा दुय्यम वाटते. तिच्यातही पुन्हा दात्यालाच नायक करायचा आपला ओढा दिसतो.

आपल्याकडे दहाच वर्षांनी, १९७२ मध्ये, फिल्म्स डिव्हिजनसाठी सत्यजित राय यांनी 'द इनर आय' केला. विषय त्यांचे शांतिनिकेतनमधले गुरू बिनोदबिहारी मुखर्जी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर या चित्रकाराची दृष्टी पूर्ण गेली आणि त्यानंतरही त्यांनी टाइल्सचे भित्तिचित्र घडवले. राय यांचे निवेदन कोरडे आणि नेमके आहे. आंधळेपणाचे वाक्य येते ते एखादी तारीख यावी तसे येते, आणि कॅमेरा पुन्हा कामाकडे वळतो. ज्या काळी सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट दाखवणे थिएटरांना बंधनकारक होते, त्या काळात मी अमरावतीच्या 'चित्रा'त लहानपणी कितीतरी असे पट पाहिले. लोक तेवढ्यात पान खाऊन येत. 'द इनर आय' मला तिथे पाहायला मिळाला नाही. फार नंतर, एका फिल्म सोसायटीच्या जुनाट पडद्यावर मिळाला. एका अर्थाने तो हक्कपट नाही, कारण बिनोदबिहारी कुणाकडे काही मागत नाहीत. पण कर्ता कोण, या माझ्या कसोटीला तो पहिल्या चित्रापासून उतरतो.

आता थोडे आडवळण घेतो. ते याच वाटेला येऊन मिळते. भारतातला वास्तवाचे चित्रण करणारा पहिला चित्रपट मराठी माणसाने काढला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली. म्हणजे आपला कॅमेरा पहिल्यांदा वळला तो दोन कसलेल्या देहांकडे. बलवान देहाची ही ओढ अमरावतीकरांना सांगायला नको. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे या शहराचे भूषण आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या संघाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, ही आमची पिढ्यान्पिढ्या सांगायची गोष्ट. त्या ऑलिम्पिकवर लेनी रीफेनस्टालने केलेला 'ऑलिंपिया' सिनेमाचे विद्यार्थी आजही अभ्यासतात.

त्याच वर्षी, त्याच देशात, नाझी पक्षाच्या वंशविषयक कार्यालयाने 'एर्बक्रांक' नावाचा एक मूक माहितीपट काढला होता. अर्थ 'आनुवंशिक रोगी'. दुसऱ्या वर्षी त्याच धर्तीचा 'भूतकाळाचे बळी' या अर्थाच्या नावाचा बोलपट जर्मनीभरच्या चित्रपटगृहांतून दाखवला गेला. मनोरुग्णालयांत जाऊन काढलेले हे पट. चेहरे विद्रूप दिसावेत अशी प्रकाशयोजना, मागे आलिशान इमारती, आणि या रुग्णांवर राष्ट्राचा किती पैसा खर्च होतो त्याचे आकडे. सक्तीच्या नसबंदीचा कायदा १९३३ मध्ये झालाच होता. त्याखाली सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. आणि १९४०-४१ या दोन वर्षांत सत्तर हजारांहून अधिक अपंग आणि मनोरुग्ण विषारी वायूने मारले गेले. माहितीपटाने त्यांना मारले नाही. पण पडद्यावरच्या माणसाकडे खर्चाची बाब म्हणून पाहायची सवय प्रेक्षकाला आधी लागावी लागते, ती त्याने लावली.

मघाशी मी सेवापटातल्या महिन्याच्या खर्चाच्या पाटीचा उल्लेख केला. तिचा हेतू अगदी उलटा असतो, तो जगवण्याचा असतो, हे कोणीही मान्य करील. संस्था चालवणाऱ्याला पैशाची किती ओढाताण होते तेही मी जवळून पाहिले आहे. तरीही मुलाच्या चेहऱ्याखाली रुपयांचा आकडा आला की मी खुर्चीत चुळबुळ करतो. ज्याचा भाव लिहिला त्याची घासाघीसही होऊ शकते.

बर्लिनला गेलेल्या त्या मंडळाचे एक संस्थापक अंबादासपंत वैद्य. त्यांचेच नाव आज परतवाड्याजवळ वझ्झर येथील मतिमंद, मूकबधिर, बेवारस मुलांच्या बालगृहाला आहे. बलोपासनेच्या आचार्याचे नाव अपंग मुलांच्या घरावर असावे, ही वऱ्हाडाने बर्लिनला दिलेली नकळतची उत्तरे आहेत असे मला वाटते, जरी नाव देणाऱ्यांच्या मनात तसे काही नसेल. हे घर उभे केले शंकरबाबा पापळकर यांनी. गाडगेबाबांचा वारसा सांगणाऱ्या या माणसाने शंभराहून अधिक बेवारस मुलांना बाप म्हणून आपले नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि वझ्झरच्या वाटेवर कॅमेऱ्यांची गर्दी झाली.

त्या काळात मी जे जे पाहिले आणि वाचले ते बहुतेक सेवापटाच्या साच्यातले होते. खंत याची की शंकरबाबा स्वतः त्या साच्यातले नाहीत. त्यांची वर्षानुवर्षांची मागणी दयेची नाही, कायद्याची आहे. बालगृहातले मूल अठरा वर्षांचे झाले की नियमाप्रमाणे त्याला तिथे ठेवता येत नाही. ज्याला आई-बाप नाहीत, ज्याला बोलता येत नाही, ज्याची समज पाच वर्षांच्या लेकराएवढी आहे, त्याने अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कुठे जायचे? अशा मुलांना आयुष्यभर राहू देणारा कायदा करा, असे ते सांगत आले आहेत. ही हक्काची भाषा आहे. तिला पटात मिळते एखादे वाक्य, तेही वृक्षारोपण आणि सामूहिक विवाह यांच्या मधे. या आवारात वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी स्पर्धा परीक्षा पास झाली तेव्हाही बातम्यांचा आरंभ ती तान्हेपणी कुठे सापडली इथून झाला. तिने अभ्यास कसा केला, लेखनिक कसा मिळवला, कोणती पुस्तके तिला वाचता येण्याजोगी होती, ही खरी माहिती. माहितीपटाने ती द्यायला हवी होती.

चळवळीच्या बाजूला आलो तर चित्र वेगळे असेल अशी माझी अपेक्षा होती. डिसेंबर १९९५ मध्ये जावेद अबिदी आणि त्यांचे सहकारी संसदेसमोर उतरले आणि त्याच अधिवेशनात अपंग व्यक्ती कायदा मंजूर झाला. पुढे २००६ चा संयुक्त राष्ट्रांचा करार, २००७ मध्ये त्याला भारताची मान्यता, आणि अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेणारा २०१६ चा कायदा. हा झाला दिल्लीचा पाट. वऱ्हाडात त्याचे पाणी पोचले ते वेगळ्या चारीने. अचलपूरचे २००४ ते २०२४ आमदार राहिलेले बच्चू कडू आणि त्यांची 'प्रहार' यांनी अपंगांना मोर्चात आणले. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येकाने स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग अपंगांवर खर्च करायचा, हा नियम कागदावर होता. ग्रामसभेत उभे राहून 'आमचे पाच टक्के कुठं आहेत' असे विचारायला माणसे शिकली ती या चळवळीत. तीनचाकी सायकलीवरून तहसीलला गेलेला माणूस अर्जदार म्हणून गेला आणि फिर्यादी होऊन परत आला. ही घडामोड माझ्या मते तपोवनाच्या स्थापनेइतकीच महत्त्वाची आहे.

पण तिचा पट पाहा. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला कडूंचे अन्नत्याग उपोषण झाले. शेतकऱ्यांची कर्जमाफी आणि अपंगांना महिना सहा हजार रुपये या त्यातल्या ठळक मागण्या. सप्टेंबरात सरकारने अपंगांचे अर्थसहाय्य दीड हजारावरून अडीच हजार केले. त्या दिवसांतली जी चित्रणे माझ्या हाती लागली ती मी पुन्हा पुन्हा पाहिली. चौकटीच्या मधोमध नेता, त्याची खालावणारी प्रकृती, भेटीला येणारे पुढारी. अपंग माणसे कडेला, सतरंजीवर, कुबड्यांसकट; कॅमेरा त्यांच्यावरून फिरतो, थांबत नाही. सेवापटात मधोमध सेवक असतो, इथे मधोमध नेता. दोन्हींत तो धडधाकट. कडूंच्या राजकारणाविषयी वाचकांची मते काहीही असोत, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार चौकट लावणाऱ्यांबद्दल आहे.

एक वार्ताहर थांबला तर काय होते याचे उदाहरण अमेरिकेत आहे. १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय कार्यालयात शंभरावर अपंग माणसे शिरली आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तिथेच राहिली. पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ चे नियम सरकार दाबून बसले होते, त्यांवर सही करून घेण्यासाठी. स्थानिक वाहिनीचा एक वार्ताहर या बातमीला चिकटून राहिला; त्याने टिपलेली दृश्ये देशभर गेली. सही झाली. तेरा-चौदा वर्षांपूर्वीचा हा प्रसंग नव्हे, त्याला आता अर्धशतक होत आले; तरी ती दृश्ये आज आपण पाहू शकतो, कारण २०२० मध्ये 'क्रिप कॅम्प' हा माहितीपट आला. त्याचा एक दिग्दर्शक जेम्स लेब्रेक्ट स्वतः चाकाच्या खुर्चीवरचा, व्यवसायाने ध्वनिसंयोजक. १९७१ मध्ये तो अपंग मुलांच्या एका उन्हाळी शिबिरात गेला होता आणि त्याच उन्हाळ्यात व्हिडिओ कॅमेरे घेऊन काही तरुण तिथे पोचले होते. त्यांनी मुलांच्या हाती बोलण्याची पाळी दिली. त्या धूसर कृष्णधवल फितीत पोरे सिगारेटी ओढतात, प्रेमात पडतात, आई-बापांच्या अतिकाळजीवर वाद घालतात. त्यांतलीच काही पुढे १९७७ च्या ठिय्यात दिसतात. एकोणपन्नास वर्षे कुणीतरी त्या फिती फेकल्या नाहीत, म्हणून हा चित्रपट झाला. आमच्याकडे पाच वर्षांपूर्वीच्या मोर्चाची फीत मागायला गेलो तर मोबाइल बदलला असे उत्तर मिळते.

भारतात असे काही झालेच नाही असे नाही. श्वेता घोष यांचा 'अ‍ॅक्सेक्स' (२०१३) चार अपंग स्त्रियांना त्यांच्या देहाबद्दल, सौंदर्याबद्दल, लैंगिकतेबद्दल बोलू देतो आणि मधे कुणी डॉक्टर किंवा संस्थाचालक आणून बसवत नाही. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. वऱ्हाडातल्या कुठल्या सभागृहात तो लावला तर अर्धे लोक उठून जातील. म्हणूनच लावायला हवा. इयन मॅकडोनाल्ड यांचा 'अल्गोरिदम्स' (२०१२) अंध बुद्धिबळपटूंच्या तीन वर्षांचा माग घेतो. त्यातले चारुदत्त जाधव मुंबईचे, स्वतः अंध, खेळाडू घडवणारे. ते मुलांवर रागावतात, त्यांच्याकडून जिंकण्याची अपेक्षा करतात, हरल्यावर लाड करत नाहीत. पोरे हरतातही. सेवापटात कुणी हरत नाही हे हा चित्रपट पाहताना ध्यानात येते. बोटांनी पट चाचपणारे हात तो फार वेळ दाखवतो आणि त्या हातांची कीव येत नाही. पुढची चाल कोणती, याची उत्सुकता लागते. माझी या चित्रपटाविषयी एकच कुरकुर: कृष्णधवल छायाचित्रण इतके देखणे आहे की कधीकधी मुलांपेक्षा प्रकाशच जास्त बोलतो.

कथापटांत सई परांजपे यांचा 'स्पर्श' (१९८०) याच यादीत घ्यावा लागेल. दिल्लीच्या खऱ्याखुऱ्या अंधशाळेत, तिथल्या मुलांना घेऊन केलेला. मदत कुणी कुणाला करायची, आणि मदत नाकारायचा अधिकार अंध माणसाला आहे की नाही, हाच त्याचा पेच. आणि लिहिलेल्या शब्दात तर मराठी फार पुढे आहे. नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' वाचलेल्या माणसाला सेवापटातला मुका अपंग खोटा वाटू लागतो. लेखणी हाती यायला एक वही पुरते. कॅमेऱ्याला यंत्र लागे, पैसा लागे, माणसे लागत. निदान परवापरवापर्यंत लागत.

आणखी एक गोष्ट समीक्षेत सहसा येत नाही, पण हक्काच्या दृष्टीने तीच पहिली. ज्याच्यावर चित्रपट आहे त्याला तो पाहता येतो का? अकोल्यात एका कार्यक्रमानंतर एक दृष्टिहीन तरुण मला म्हणाला, "तुमी लोकं आमचा पिच्चर काढता, मंग त्यात काय दिसते थे आमाले सांगत काहून नाई?" तो पट त्याच्याच वसतिगृहावरचा होता. बासरी त्याने ऐकली. पडद्यावर तो स्वतः चालत होता हे त्याला शेजाऱ्याने सांगितले. दृश्यांचे श्राव्य वर्णन, बहिऱ्यांसाठी मथळे, सांकेतिक भाषेचा दुभाषी, यांतले काहीही आमच्याकडच्या माहितीपटांत मला आढळले नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण ती चित्रपटगृहांत लागणाऱ्या कथापटांसाठी. सभागृहात दाखवल्या जाणाऱ्या माहितीपटाला ती लागू नाहीत. त्याच वर्षी जुलैत निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दृश्यमाध्यमांतल्या अपंगत्वाच्या चित्रणाबाबत निकाल दिला. अपंगत्वाची खिल्ली उडवणारा विनोद आणि अपंगत्व समजावून देणारा विनोद यांत त्याने फरक केला, आणि अपंगांचे चित्रण त्यांच्या सहभागाशिवाय होऊ नये हे तत्त्व पुढे ठेवले. आमच्या भागातल्या माहितीपट करणाऱ्या कुणाच्या टेबलावर मी हा निकाल पाहिलेला नाही. तो वाचायला कठीणही नाही.

यंत्र आता सर्वांच्या खिशात आहे. तालुक्याच्या गावी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी लागलेल्या रांगा, जिन्यावरून बसत-सरकत वरच्या मजल्यावरच्या कार्यालयात जाणारा माणूस, ग्रामसभेतली पाच टक्क्यांची हुज्जत, हे सगळे अपंग कार्यकर्ते स्वतः टिपतात आणि आपल्या गटांत पाठवतात. या तुकड्यांना निवेदक नाही, संगीत नाही, चौकट हलते. पण मी मघापासून शोधतो तो कर्ता त्यांत आहे. दर्यापूर भागातल्या अशाच एका चित्रणात तीनचाकीवरचा गडी टिपणाऱ्या मित्रावर खेकसतो, "कॅमेरा माह्या तोंडासमोर धर ना बे, पायाकडे काहून नेतं?" मित्र कॅमेरा वर नेतो आणि तो गडी मग सलग साडेचार मिनिटे बोलतो. चित्रपटशाळेत जे शिकवायला एक सत्र लागते ते त्याने एका ओळीत उरकले आहे.

हे तुकडे टिकत नाहीत. मोबाइलची जागा भरली की जुने आधी जाते, आणि आंदोलनाच्या दिवशी जागा नेहमीच भरलेली असते. फिल्म्स डिव्हिजनने १९४८ पासूनचा साठा जपला. तो आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे. या मोबाइल-पटांना असा वाली नाही. विद्यापीठाच्या एखाद्या विभागाने किंवा जिल्हा ग्रंथालयाने हे काम घ्यावे असे मी दोन-तीन ठिकाणी सुचवून पाहिले. मागणी लेखी द्या म्हणाले, ती दिली आहे.

तोवर मी माझ्या परीने एक हार्ड डिस्क घेतली आहे. अचलपूर, चांदूरबाजार, दर्यापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतून मिळालेले तुकडे तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव लावून तीत ठेवतो. आवाज बऱ्याच ठिकाणी वाऱ्यात गेला आहे. एका सहकाऱ्याने प्रत्येकाचे श्राव्य वर्णन वऱ्हाडीत ध्वनिमुद्रित करायला घेतले आहे; ते काम सावकाश चालले आहे. ज्यांचे चेहरे त्यात आहेत त्या सर्वांची परवानगी अजून मिळालेली नाही. काहींचे पत्ते लागत नाहीत, दोघांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितले. त्या दोघांचे तुकडे काढून टाकले आहेत, आणि बाकीचे परवानगी येईपर्यंत कुणाला दाखवणार नाही.